माया

शनिवारी दहा ते एक मी पेझलीच्या लायब्ररीत बसते,
दुसऱ्या मजल्यावर, रेडिएटरला पाठ लावून.
टेबलावर पाटी: कॉम्प्युटरची मदत, फुकट.
येणारे बहुतेक फोटो लहान करायला येतात.
कुठल्याशा फॉर्मला दोनशे केबीच्या आत हवा असतो चेहरा
आणि चेहरे हल्ली पाच-पाच एमबीचे.

लायब्ररीच्या विंडोजवर ते पेंटमध्ये होतं,
शंभर खोडायचं, पंचवीस लिहायचं.
चिडेराच्या मॅकवर तेच काम
मेनूच्या कुठल्यातरी घडीत खोचलेलं,
सापडलं की ती कपाळावर हात मारते.
मिस्टर टोरन्स लिनक्सवाले, माऊसला शिवत नाहीत.
काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतात
आणि चारशे फोटो एका फटक्यात अर्धे.
चारशेही एकाच बोटीचे.
ते मदत घ्यायला येत नाहीत, दाखवायला येतात.

रुंदी-उंचीमधली ती बारीक साखळी तेवढी तोडू नका,
मी दर शनिवारी घसा कोरडा करते.
तोडली की नवरा आडवा पसरतो,
चर्चचा कळस बसका होतो
आणि लोक म्हणतात, मशीन बिघडलंय.

माझे बाबा कराडला शिवणकाम करायचे.
त्यांची रिळं कुठून यायची कोण जाणे;
इथे आल्यावर कळलं, दोऱ्याच्या गिरण्या या नदीकाठी होत्या,
आणि आई जिला कोयरी म्हणायची
त्या नक्षीला इंग्रजीत याच गावाचं नाव.
पण ते जाऊ दे.
बाबा कापताना शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडत.
त्याला माया म्हणतात.
पोर वाढलं की टाके उसवायचे, माया सोडायची,
झगा आणखी दोन वर्षं.
गिऱ्हाईक कापड वाचवा म्हणालं तर ते कात्रीच खाली ठेवत.
लहान काय, कधीही करता येतं, म्हणत.

मार्चमध्ये इशबेल मकफेल आली,
फोनमध्ये भावाचा फोटो घेऊन.
फोनवरून फोनवर, इथून टोरांटो, टोरांटोहून परत,
हातोहाती झिजलेल्या नाण्यासारखा.
एकतीस केबी.
सोमवारी अंत्यविधी आहे, हॉलमध्ये लावायचाय, एवढा,
आणि तिने दोन्ही हात पसरले.

मी पेंटमध्ये चारशे टक्के लिहिलं.
ॲलेस्टरच्या कानाच्या पायऱ्या झाल्या.
चिडेराने आपलं काम सोडून मॅकवर घेतला,
तिथे पायऱ्या नव्हत्या, धुकं होतं.
टोरन्सनी काळ्या खिडकीत लांबलचक काहीतरी लिहिलं,
दोनदा चष्मा पुसला,
मग ओळच पुसली.
एका वेबसाइटने त्याला नव्या भुवया बसवून दिल्या.
इशबेल म्हणाली, हा कोण?

यात माया नाही, मला सांगायचं होतं.
तोंड उघडलं आणि इंग्रजीत जो शब्द समोर आला
त्याने भलताच अर्थ झाला असता,
तोही मेलेल्या भावाबद्दल.
मी नुसती मान हलवली.

मग तीच म्हणाली, आहे तेवढाच छापला तर?
आहे तेवढा म्हणजे आगपेटीएवढा.
भल्यामोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध
तिचा भाऊ बाहेर आला, वीस पेन्सला,
कान शाबूत.

पुढच्या शनिवारी ती सांगायला आली.
दारातून मान लववून कुणाला सटकता आलं नाही.
जवळ जावं लागलं, चष्मे शोधावे लागले,
म्हातारा विली तर एवढा वाकला
की सरळ करायला दोघं लागले.
हसता हसता तिने पिशवीतून जुना कॅमेरा काढला.
यात आई आहे. खूप मोठी आहे.
पाकिटात मावेल एवढी कर.

मी आधी कॉपी काढली.
मूळ फाइल दोन बोटं बाजूला ठेवली,
मग लिहिलं, पंचवीस.