उसनं बी

आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं.
रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं.
आधी पिंप, मग कळशा, मग भांडी,
आणि धुण्याचं शेवटचं पाणी
मोरीमागच्या हातभर जागेतल्या दोडक्याला.

दोडका म्हणजे बाजारातला नव्हे.
हा पांढरट, आखूड, पाच-सहाच्या घोसानं लागतो,
शिरा इतक्या कोवळ्या की सोलायचं काम नाही.
माहेराहून आणलेला, काडेपेटीत घालून,
लग्नाच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी.
आम्ही त्याला बीरकाय म्हणतो.

पहिल्या घोसातलं एक खायचं नाही.
देठाला विडीचा दोरा बांधून ठेवायचा,
म्हणजे कळावं, हे पोटाचं नाही.
ते पिकतं, वाळतं, हलवलं की वाजतं,
आणि एका दुपारी टोकाची टोपी आपसूक सुटते,
काळं बी ओंजळीत सांडतं.

ते मी तेंदूच्या कातरणात गुंडाळते.
पान कापून उरलेली कड, कारखाना ती मोजत नाही.
पंचवीस बियांचा एक कट्टा, दोऱ्याचे दोन वेढे.
बोटांना दुसरं काही येतच नाही.

यंदा सून आली, भाग्यलता.
मी माल द्यायला गेले होते.
तिला वाटलं, दोरा नजरेचा.
म्हणाली, एवढं जपलंय म्हणजे चांगलंच असणार.
चणाडाळ घालून केलं.
सगळ्यांनी चघळून चोथा ताटाच्या कडेला ठेवला.
मी काही बोलले नाही.
त्या दिवशी आठशे विड्या वळल्या,
एकही सैल नाही.

मग वेल गेला, डबा रिकामा,
आठवत बसले, कुणाकुणाला दिलं होतं.
अंबुबाई कोडम मागांपाठोपाठ भिवंडीला गेली,
तिथं तिसऱ्या मजल्यावर माती कुठली.
शाळेतल्या नायकवडी बाईंनी कुंडीत लावला,
फुलांचे फोटो काढले, बी धरायचं विसरल्या.
सत्तेम्माच्या मडक्याला उंदीर लागले.
पण उंदरांच्या आधी, म्हणाली,
मूठभर निंगव्वाला दिलं होतं.

निंगव्वा. मंगळवारच्या बाजारात बसते,
अक्कलकोट रस्त्यावरून पाटी घेऊन येते.
चार वर्षांपूर्वी तिनं माझ्याकडे मागितलं होतं,
मी म्हटलं होतं, संपलं.
तेव्हा डब्यात तीन कट्टे होते.

तिच्या पाटीत आमचाच घोस.
हीरेकाई, वीसला पाव, म्हणाली.
मी पाव किलो घेतलं. पिशवीत घातलं. तिथंच उभी राहिले.
बी आहे का गं?

तिनं तराजू खाली ठेवला.
माझ्याकडे बघितलं, बराच वेळ,
मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.
मग पदराची गाठ सोडली.
नऊ बिया.
मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.
हे विकायचं नसतंय, उसनं.
फेडताना अंबाडी आण, लाल देठाची,
तुमच्यात ती चांगली असते म्हणे.

घरी येऊन नऊच्या नऊ पुन्हा मोजल्या.
भाग्यलतानं विचारलं, किती खोल?
नखाएवढं, म्हटलं.
सात उगवल्या.

आता मांडवावर घोसच घोस, आणि
प्रत्येकात एकाला दोरा.
सगळे तिनंच बांधलेत,
गाठी विडीसारख्या नाहीत, ढिल्या आहेत.
एवढं बी काय करणारेस, मी विचारत नाही.
मंगळवारी जायचंय.
अंबाडीचा कट्टा बांधून झाला,
आणि दोडक्याचे तीन.