सातचा रकाना

माझ्या मोटारसायकलमागे एक निळी पेटी बांधलेली असते.
रस्त्यातल्यांना वाटतं, सरोवराची मासळी.
मी त्यांचा गैरसमज काढत नाही.
आत कागदी कप, कपांना जाळीची तोंडं,
जाळीआड डास,
संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, तासाला एक कप.
किसुमूच्या प्रयोगशाळेला मेलेले चालत नाहीत,
म्हणून खड्डा दिसला की
बाळंतिणीला घेऊन निघाल्यासारखा मी गाडी सोडतो.

धरायला अलुवोच बसते.
दाराशी बुटकं स्टूल, गुडघ्यापर्यंत उघडा पाय,
ओठांत रबरी नळी, मुठीत टॉर्च.
पायावर बसली की चावायच्या आत ओढायची:
जोरात नाही, जाळीला आपटून मरेल;
हळू नाही, रक्त घेऊन पळेल.
गोळ्या आधी दिलेल्या. सही आधी घेतलेली.
पंचेचाळीस मिनिटं ती पाय असते,
पंधरा मिनिटं बाई.

"ढुंगण वर करून बसते ना, तीच ती," ती सांगते.
प्रयोगशाळेत म्बुवीला एवढ्यावर भागत नाही.
तो चिमट्याने डासाची एक तंगडी तोडतो,
तंगडीवरून जात काढतो.
(आमच्याकडे आडनावावर काम होतं.)
पोटातल्या रक्तावरून कळतं कुणाकडे जेवून आली:
गाय, बकरी, माणूस.
एकदा एकाच पोटात दोन माणसं निघाली.
मी विचारलं, नवरा-बायको?
म्बुवी म्हणाला, ते आम्ही बघत नाही.

गावात मच्छरदाण्या वाटल्या तेव्हापासून
दहाचा कप, अकराचा कप, मध्यरात्रीचा कप
वर्षागणिक हलका होत गेला.
डॉक्टर चेलागाटच्या भिंतीवरची रेघ उतरत होती.
दवाखान्याबाहेरची रांग
उतरायला तयार नव्हती.

मग एका सकाळी माझी चेन तुटली.
सहाला पोचायचं, पोचलो पावणेआठला, हात काळे.
चुलीवर चहा उतू जायला आलेला,
पोरं शाळेचे मोजे शोधत एकमेकांवर ओरडत होती,
आणि अलुवोच अजून स्टुलावर.
पाय उघडाच.
"काम सहालाच संपतं ना?"
तिने नळी तोंडातून काढली.
"माझं संपतं. यांचं नाही."
शेजारी साखरेचा डबा, तोंडाला फाटकी ओढणी बांधलेली.
आत अकरा.

तक्त्यात सातचा रकाना नव्हता.
मी समासात माझ्या गिचमिड अक्षरात सात काढला,
पुढे अकरा.
म्बुवीने डबा बाजूला सारला.
लेबल नाही म्हणजे डास नाही.
दुसऱ्या दिवशी चौदा. मग नऊ. मग पावसाचे दोन.
पाचव्या दिवशी डॉक्टरने विचारलं,
समासात कोण लिहितंय?

ती आली पहाटे, एकटी, गमबूट घालून.
बूट काढले, पँट दुमडली,
अलुवोचच्या शेजारी चटईवर बसली.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
जाळ्या एकेक करून वर गेल्या,
पोरं डोळे चोळत बाहेर आली,
धाकटा दारातच उकिडवा बसून बुटाशी झगडत राहिला.
त्याच्या पोटरीवर एक अलगद टेकली.
ढुंगण वर.

"थांबायला शिकल्यात," अलुवोच म्हणाली.
"आपण उठलो की त्यांचं पान मांडलं जातं."
डॉक्टरने वही उघडली,
पण लिहायच्या आधी पोराच्या पोटरीवर चापट मारली.
एक नमुना गेला.

आज नवे तक्ते आलेत, छापील.
सात, आठ, नऊ, सगळे रकाने सरळ.
मजुरी जुनीच, बारा तासांची.
अलुवोच पेन हातात धरून उभी आहे
आणि सही करत नाही.
कागद डोळ्यांजवळ नेते, लांब धरते, पुन्हा जवळ नेते.
मी इंजिन बंद करतो.
पेटीवर ऊन आलंय.
आतल्यांना दुपारपर्यंत जगवायचंय.