भाग दुसरा पलीकडे

लोहचंद्र आमचा.
तो देवगडच्या एसटीने यायचा, ड्रायव्हरच्या सीटमागे,
सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात,
आणि तिठ्यावरच्या टपरीत गजा पाटकर
त्याला कपड्यांच्या चिमट्याने टांगायचा.
कालभृंग त्यांचा. तो राजापूरच्या एसटीने.
मध्ये विजयदुर्गची खाडी. मध्ये जिल्हा बदलतो.

मी सातवीत होते. अंक एकशे बारा:
दोघे एकाच मुखपृष्ठावर, मुठीला मूठ,
वर जळत्या अक्षरांत ‘महाभेट’.
आत आधी भांडण, अर्थात.
दोन भली माणसं पहिल्यांदा भेटली
की बारा पानं मारामारी ठरलेली,
मग कुठूनसं तिसऱ्याचं हसू ऐकू येतं.
तो तिसरा, प्रोफेसर अमावस, चंद्र ओढून नेणार होता.
जगातली भरती बंद.
बाबांना सांगितलं, तर जाळं विणताविणता म्हणाले,
“आणि भांगाचा काय करतलो तो?
भांगाक भरती तशीच अर्धी.”

बत्तिसाव्या पानावर लोहचंद्र उताणा,
छातीवर कुणाचा तरी पाय,
आणि खाली चौकटीत:
भाग दुसरा, वाचा कालभृंगच्या अंकात.

“तो माल इकडे उतरत नाही,” गजा म्हणाला.
“त्याचा एजंट वेगळा.”

तरीवर बाबी तांडेलाने विचारलं, “खंय चाललंस गो?”
मावशीकडे, म्हटलं.
पलीकडे माझी कोणी मावशी नव्हती.
आठ आणे दिले.

धक्क्याच्या पायरीवर एक मुलगा,
चड्डीच्या खिशात गुंडाळी केलेला अंक.
मुबीन सोलकर. त्याच्याकडे दुसरा भाग होता
आणि तीन दिवस तो तिथेच बसून होता,
पहिला घेऊन कोणीतरी उतरेल म्हणून.

आम्हीही आधी भांडलो.
तुझा लोखंडाचा, खाऱ्या हवेत गंजून जाईल.
तुझा भुंगा, पेट्रोमॅक्सवर आपटून मरेल.
तेवढ्यात ओहोटी लागली, होडी चिखलात बसली,
आणि दोन तास कुणालाच कुठे जाता येईना.
मग वाचलं.
त्याला शेवट माहीत होता, कारण नाही.
मला नुसतं कारण.
छातीवरचा तो पाय कालभृंगचाच निघाला.
लोहचंद्राला लपवत होता तो, पंखाखाली.

बाबी तांडेल वल्ह्यावर हनुवटी टेकून ऐकत होता.
“ह्येच्यात नवा काय?
आमच्या दशावतारात वीणेवालो
खंयच्याय आख्यानात घुसता.
कोण इचारता तेका?”

शेवटच्या पानावर आकाशाला भोक पडतं,
दोघे हात हलवतात, आपापल्या शहरात परततात.
पुढच्या महिन्यात लोहचंद्र बँकेवरचा दरोडा पकडत होता.
त्या दुसऱ्याचं नावसुद्धा नाही.
पूर्ण अंक शोधला मी, वाचकांच्या पत्रांसकट.
अरे, दोघांनी मिळून चंद्र वाचवलात,
एखाद्या चौकटीत, कोपऱ्यात, आठवण तरी काढायची!

मीही पुन्हा पलीकडे गेले नाही.
आठ आणे होते. कारण नव्हतं.

आता पूल आहे.
गेल्या वर्षी बाबांचे रिपोर्ट आणायला
राजापूरच्या लॅबमध्ये उभी होते.
काउंटरमागच्या माणसाने पाकिटावरचं आडनाव वाचलं,
चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं,
परत पाकिटाकडे. मागे रांग होती.
“सही इथे,” म्हणाला.
मी सही केली.
“पहिला भाग आहे अजून,” खाली बघतच तो म्हणाला,
“मुखपृष्ठ झुरळांनी खाल्लं.”

होडी सुटायच्या घाईत
उलटे अंक हातात राहिले होते आमच्या.
दुसरा माझ्याकडे आहे, ट्रंकेत, बाबांच्या लायसन्सखाली.
सांगितलं त्याला.

“मग?” तो म्हणाला.
“मग काय,” मी म्हटलं.
मागचा माणूस खोकला.

कुणी कुणाकडे आणून द्यायचा
ते ठरलं नाही.
पुलावर गाडी थांबवून खाली पाहिलं:
भांगाचं पाणी,
जुन्या धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं,
आणि तिथेच.