दोन इंच

गाडी आली तेव्हा मागच्या फाळक्यावर
अर्धवट खरवडलेलं होतं 'गावदेवी मंडप डेकोरे'
हरेशने किंमत सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.
मी वहीत नवीन पान काढलं.

शिरवण्याच्या शेडमध्ये नजीरने हौदा सुटा केला.
खाचांतून निघाल्या पिवळ्या अक्षता,
गंजलेल्या टाचण्या, झालरीचा एक सोनेरी तुकडा.
कुणाकुणाची लग्नं वाहिली असतील हिने.
अक्षता मी एका डबीत भरल्या.
का, ते लिहायला वहीत रकाना नव्हता.

मग सुरू झालं.
जादा पाटे, कळंबोलीच्या भंगारातून.
शॉकअप चार, नवे. टायर पाच, जाड नक्षीचे,
एकेकाची किंमत ऐकून मी पेन खाली ठेवलं.
पाण्याची टाकी चाळीस लिटर, तिला नळ,
नळ हलू नये म्हणून पट्टी, पट्टीला रंग.
हौद्यावर पत्र्याचं छप्पर, आत घडीचा पलंग.
मापं घेतली तेव्हा स्वरांगी चार फूट दोन,
पलंग बसवला तेव्हा चार फूट पाच.
नजीर म्हणाला, "मी वाढीव धरलंच होतं, भाभी."
त्याला तीन मुली आहेत.

आरटीओच्या कागदांचं पान वेगळं.
ते मी कुणाला दाखवणार नाही.

रविवारी सासरे यायचे शेडमध्ये,
निळ्या ड्रमवर बसायचे, ठिणग्या बघत.
तीस वर्षं तुर्भ्याच्या खदानीत डंपर चालवला त्यांनी,
उजवं दार नसलेला.
एकदाच म्हणाले,
"वाट नाय तिकरं जावाचं मना पैसं मिलाचं.
यो पदरचं घालतंय."

गाडी दोन इंच उंच झाली त्या संध्याकाळी
हरेश जमिनीवर आडवा झाला
आणि तिच्या पोटाखालून आरपार पाहिलं.
आम्हालाही पाहायला लावलं.
पलीकडे एक मांजर बसलेलं दिसलं.

पहिली फेरी लांब नको, म्हणून टेकडीवर,
बंद खदानींच्या अंगाने.
मुरूम, मग दगड, मग दगडांचा नुसता चुरा.
तिसऱ्या चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली,
जळक्या रबराचा वास आत आला,
आणि हरेश चार महिने शिकलेलं सगळं विसरला.

सासरे उतरले.
आधी एक पाय, मग दाराला धरून थोडा वेळ, मग दुसरा.
आगपेटीतल्या काडीने एकेका टायरची हवा सोडली,
कानाने मोजत.
मग हरेशला म्हणाले, "सरक."

गाडी वर आली. फारसा आवाजही नाही.

वर हिरवं पाणी साठलेलं, मागे सरळ कापलेली भिंत,
आणि खाली पसरलेलं सगळं शहर.
"यं एक टेकार व्हतं," ते स्वरांगीला म्हणाले,
हवेत हाताने त्याची उंची धरून.
"मग गेलं कुठे?"
त्यांनी खालच्या रस्त्यांकडे बोट केलं,
पुलाकडे, सेक्टरांकडे, आमच्या गल्लीच्या अंदाजाने कुठेतरी.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग तिला भूक लागली.
हौद्यात बसून आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली.
टाकीचा नळ वाटेतच गळून गेला होता,
हात पुसले वर्तमानपत्राला.

परत निघताना सासरे चढेनात.
गुडघा वाकत नव्हता, आणि गाडी दोन इंच उंच.
हरेशने हात पुढे केला.
त्यांना तो दिसला नाही,
किंवा दिसला.
शेवटी स्वरांगीने एक सपाट दगड ढकलत आणला,
दाराखाली ठेवला, आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

वहीतली शेवटची नोंद माझ्या अक्षरात:
पायरी, लोखंडी, डाव्या दाराखाली, जमिनीपासून एक फूट.
सामान साडेचारशे. मजुरी नजीरने घेतली नाही.

हरेश म्हणतो, खडकाला घासेल ती.
घासू दे.