अर्धा इंच

रविवारी दुपारची भांडी पालथी पडली
की डायनिंग टेबलावरचं प्लास्टिक मी पुसून घेते
आणि रामबागेतल्या या दुसऱ्या मजल्यावर
माझा कारखाना सुरू होतो.

मशीन जुनी. मालवा मिलजवळच्या दुकानदाराने
"एकदम मक्खन" म्हणून गळ्यात मारलेली.
मक्खन कसलं, बैलगाडी आहे,
पण चढावर थांबत नाही.

पहिल्या महिन्यात उशांचे अभ्रे. चार.
काटकोन एकालाही नव्हता.
यांनी डोकं ठेवलं, सकाळी म्हणाले, "झोप तर लागली."
पुढे मी काही विचारलं नाही.

मग भाजीची पिशवी. तिचा एक बंद भर बाजारात सुटला
आणि दुधी घरंगळत रिक्षाखाली गेला.
मग पायजमा.
पायजम्याचं सांगू नये.
दोन्ही पाय मी एकमेकांना शिवले होते,
कमरेला आत शिरायला जागाच नव्हती.
हसून हसून मुनीराबेनच्या डोळ्यांत पाणी.

मुनीराबेन खालच्या मजल्यावर, रिदांना लेस लावतात.
टेप गळ्यात असतो, पण मोजतात वितीनेच.
माझ्या शिवणीवर नख ओढून म्हणाल्या,
"मार्जिन छोड़ो, बहनजी. आधा इंच.
कपड़ा रबर नहीं है."

सोडायला लागले अर्धा इंच.
जिवावर यायचं पण.
सीतलामाता बाजारात एकशे चाळीस रुपये मीटर,
आणि हे आत दुमडून टाकायचं,
जिथे कुणी बघणारही नाही.

दिवाळीनंतर मृणालवन्सं गच्चीच्या पायरीवर घसरल्या.
उजव्या हाताला दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर.
आठवडाभर यांचे शर्ट घालून बसल्या,
डाव्या हाताने, चुकीच्या काजांत बटणं लावून.
मग एक ब्लाउज माझ्यापुढे टाकला.
"बघ काही होतंय का. बुधवारी देवासला लग्न आहे.
टेलर पंधरा दिवस म्हणतो."

पंधरा दिवसांच्या आत मीही कधी काही शिवलेलं नाही.
पण उसवायला येतं.
सात महिन्यांत शिवलं त्याहून जास्त उसवलंय,
तेवढ्यात तरी हात बसलाय.

बाहीची शिवण धरली आणि टाका टाका काढत गेले.
आत
अर्धा नाही, चांगलं इंचभर कापड,
इस्त्रीने बसवलेलं, सपाट.
कुठला शिंपी, वन्सांना आठवेना.
वीस वर्षं झाली असतील, त्याचं दुकानही नसेल.
कुणी सांगितलं नसताना ठेवून गेला होता.

आणि रंग.
बाहेरून ब्लाउज उन्हाने विटून जुन्या कौलासारखा,
आतली ती पट्टी मात्र डाळिंबी, कालच आणल्यासारखी.
वन्सं चष्मा लावून बघत राहिल्या.
"असा होता होय गं हा?
मी तर आजवर सगळ्यांना गुलाबी सांगत आले."

उघड्या बाहीला चार नाड्या लावल्या,
एक उगाचच लांब झाली.
प्लास्टर आत गेलं. वरून पदर.
देवासला ती लांब नाडी वरणात बुडाली म्हणे,
बाकी तक्रार नाही.

काल प्लास्टर निघालं. "आता शिवून टाक पूर्ववत," म्हणाल्या.
कापडावर त्याच्या सुईची भोकं अजून दिसत होती,
त्यांच्यावरूनच चालले मी.
तीन ठिकाणी वाट चुकले,
बगलेपाशी तर चक्क शेतात शिरले.
कडेचं ते इंचभर कातरावंसं वाटलं क्षणभर, आत फुगत होतं.
दुमडून ठेवलं.

पुढच्या रविवारी चेन लावायची आहे.
मुनीराबेन म्हणतात, "अभी नहीं."
चेन मी आणून ठेवलीय,
निळी, आठ इंची,
सुयांच्या डबीखाली.