हवाई अंतर, साखळीत

तिकिटावर लिहिलंय: जळगाव ते हैदराबाद,
एक तास वीस मिनिटं.
अंतर लिहिलेलं नाही.
म्हणून नकाशावर दोरा ताणला,
पाचशे सात किलोमीटर भरले,
म्हणजे आमच्या तेहतीस फुटी साखळीनं
पन्नास हजार चारशे साखळ्या
आणि वर काही आणे.

भूमी अभिलेखात छत्तीस वर्षं मोजणी केली,
आणे सोडायची सवय नाही.

जामनेरहून एसटीनं निघालो ते उलट दिशेनं.
हैदराबाद आग्नेयेला
आणि मी वायव्येला, कुसुंब्याकडे,
मांडीवर पिशवी,
पिशवीत कळण्याचं पीठ, भरताची वांगी,
देठांना ओलं फडकं.
कंडक्टर म्हणाला, कुठं निघाले आप्पा?
म्हटलं, मोजणीला.

विमानतळावर गणवेशातल्या मुलीनं
पिशवी काट्यावर ठेवली: सात किलो दोनशे.
सातच चालतं, काका.
मी एक वांगं काढून तिच्या टेबलावर ठेवलं.
ती हसली, वांगं तिनं परत पिशवीत सारलं,
आणि ते दोनशे ग्रॅम
आम्ही दोघांनी मिळून विसरलो.

पंख्याचं विमान. खिडकी माझी.
वाघूरचं पाणी ताटासारखं कललं,
आणि एसटीनं जे दीड तास मागं टाकत आलो
ते सहा मिनिटांत पुन्हा पायाखाली.
तो डांबरी फाटा, ती जिनिंगची पत्र्याची शेड,
आणि त्याच्या अलीकडे, हो, तोच,
ओंकार नेहेते आणि दगडू नेहेते यांचा गट.
तीन दिवस साखळी ओढली होती तिथं
पंचांसमोर, एका बांधासाठी.
चौदा आणे इकडं की तिकडं.
दगडूनं खुणेचा दगड उपटून
माझ्यावरच उगारला होता.
वरून बांध दिसत नाही.
केळीचा हिरवा संपतो, कपाशीचा सुरू होतो,
एवढंच.
किती सेकंद लागतात ते पाहावं म्हणून
मनगट वळवलं,
तोवर गेलं.

मग ढग.
ढगात मोजायला काही नसतं.

सहा वर्षांपूर्वी जागृतीनं फोनवर विचारलं होतं,
आप्पा, लग्नाले येसान ना?
मी म्हणालो, लांब पडतं.
दोरा तेव्हाही घरातच होता, नकाशाही.
मोजणीदारानं खोटं माप लिहिलं
तर नोकरी जाते.
मी तेव्हा निवृत्त झालेलो होतो.

पायलट काहीतरी बोलला.
शेजारच्यानं समजावलं: पाठीला वारा आहे,
आठ मिनिटं आधी पोचतो आपण.
सगळ्यांना बरं वाटलं.
मला ती आठ मिनिटं हवी होती.
पहिलं वाक्य अजून जुळलं नव्हतं.

काचेचा दरवाजा आपोआप उघडला.
पलीकडे रेलिंग,
रेलिंगला ती, कडेवर पोरगं,
त्याचे कान आमच्याकडचे.
मधे दोन साखळ्या, जास्तीत जास्त सव्वादोन.
पण साखळी धरायला दोन माणसं लागतात,
एक या टोकाला, एक त्या.
एकट्यानं होत नाही,
हे मी छत्तीस वर्षं शिकाऊ पोरांना सांगत आलो.

पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

रेलिंगखालून वाकून ती आत आली,
शिपायानं हटकलं तरी.
म्हणाली,
वांगे मऊ त नाही ना पडले?