सूप झाकल्याचा पंचनामा

नागपूर तोंड धुते
आणि फेस आमच्या घाटावर येऊन थांबतो.
त्या फेसापासून बारा पावलांवर धुमाईचं ठाणं :
ना कळस, ना पायरी,
पिंपळाखाली उघडी, विधवा देवी,
कावळ्याचं निशाण, डाव्या हातात सूप.
सवाष्णीनं तिच्या नजरेला नजर द्यायची नाही.
मी अंगणवाडीची, आणि यादीभाग एकशे एकोणचाळीसची बीएलओ,
सोळा वर्षं तिथनं मान खाली घालून जाते.
मला तिच्या पायाची बोटं तेवढी माहीत.

अवसेच्या रात्री गाड्या येतात. दिवे विझवून.
आधी पिसे वकील, मग हटवार शेठ,
मधे अर्ध्या तासाचं अंतर,
ते बहुतेक ड्रायव्हरांनीच आपसात ठरवलेलं.
कौतिका गिऱ्हेपुंजे दोघांचीही भूर्जपत्रं घेते,
प्रत्येकावर शत्रूच्या जागी दुसऱ्याचं नाव.
राईचं तेल, मिरी, चितेतला कोळसा,
दोन्ही एकाच धुपाटण्यात जाळते.
धूर कोणाकडे गेला विचारलं तर म्हणते,
"धूर वर जाते बाप्पा, वर कोनाची पार्टी नाही."

यंदा तिसरा उभा राहिला.
नथ्थू डहारे, दूध सोसायटीतून काढलेला.
अपक्ष. निशाणी : सूप.
आणि बूथ जिल्हा परिषदेच्या शाळेत.
शाळा ते ठाणं, टेप लावून, ब्याऐंशी मीटर.

भरारी पथक दुपारी दोनला आलं.
साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं.
"शंभर मीटरच्या आत चिन्ह दिसता कामा नये."
"साहेब, ते चिन्ह नाही, देवी आहे."
"देवीबद्दल आयोगाचं काही म्हणणं नाही. सूप झाका."

पथकातली बाई मंगळसूत्र मुठीत धरून जीपमध्ये जाऊन बसली.
पोलीस म्हणाला, माझी बायको गरोदर आहे.
तलाठ्याला फोन आला. फोन वाजला नव्हता.
साहेब स्वतः सावलीत, हातात मांजरपाटाचा तुकडा,
पेट्यांना लाख मारताना असतो तसला.

तेव्हा कौतिका उठली.
देवीच्या कानाशी काही बोलली,
तापल्या लेकराच्या अंगावर घालावं तसं
सुपावर कापड घातलं, कडा खोचल्या.
पंचनाम्यावर अंगठा दिला.
साहेब म्हणाले, यादीत नाव बघा.

मला ठाऊक होतं. तरी पानं उलटली.
अनुक्रमांक चारशे सहा. मयत.
दोन वर्षांपूर्वी नमुना सात आला होता, सही कुणाची कळेना,
पत्ता स्मशान, म्हणून मी फार खोदलं नाही.
हे इथं लिहिते,
कारण नमुन्यात याला रकाना नाही.

ती हसली. दोनच दात.
"काहून तोंड पाडतं वं?
आमच्या विद्येत पयले मढं व्हा लागते.
बारा वर्सं मढ्यावर बसून मले जमलं नाही,
तुह्या एका कागदानं केलं."

मतदानाच्या दिवशी ती घाटावरच होती.
पिसे वकिलाचा माणूस पाया पडून गेला, हटवारचाही.
हिचं नाव घाला म्हणायला कुणी शाळेपर्यंत आलं नाही.
ब्याऐंशी मीटर.

नंतर मी नमुना सहा भरला.
जिवंत असल्याचा पुरावा : पंचनाम्याची झेरॉक्स, अंगठा जरा फिसकटलेला.
जन्मतारीख : धरणाच्या आधी. मग अंदाजानं एक जानेवारी.
आईचं नाव विचारलं तर म्हणाली, धुमाई.
मोबाइल आडनाव मागत राहिला, लाल चौकट,
शेवटी देवीला मी गिऱ्हेपुंजे लावलं
आणि अर्ज पुढे सरकला.

कापड अजून सुपावरच आहे.
निकाल लागून महिना झाला, काढायचा आदेश नाही.
काल एक कावळा कड ओढत होता,
त्याला हुश म्हणायला मी मान वर केली
आणि मग खाली घालायचं राहून गेलं.

डोळे कवड्यांचे आहेत.
उजवी कवडी फुटकी.